ग्रामसभा अशी घ्या की ठराव परत येणार नाही

आजूबाजूच्या गावांतली प्रोसिडिंग बुकं, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची पुस्तकं, माझ्यापुढे येतात ती एकाच तक्रारीसह: "ठराव तर केला होता, पण वरून परत आला." पुस्तक उघडलं की चूक बहुतेक पहिल्या दोन पानांतच सापडते. नोटिशीची तारीख चुकलेली असते, हजेरीत गोंधळ असतो, नाहीतर ठरावाची वाक्यं अशी असतात की नेमकं कोणी काय करायचं ते कळतच नाही. सभेत भांडण झालं म्हणून ठराव पडला असं मी फार कमी पाहिलं आहे. कागद कच्चा म्हणून पडलेले ढीगभर.

मी स्वतः पाच वर्षं उपसरपंच होतो आणि यातल्या निम्म्या चुका माझ्या हातून झाल्या आहेत. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ आणि त्याखालचे ग्रामसभेचे नियम धरून सभा कशी घ्यायची, ते इथे क्रमाने सांगतो. नांदेड जिल्ह्यातल्या किनवट-माहूर भागात गाव पेसा क्षेत्रात (आदिवासी भागातल्या पंचायतींसाठीच्या वेगळ्या कायद्याखाली) येत असेल, तर तिथे २०१४ चे पेसा नियम लागतात आणि कोरमसकट, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीसकट, बरंच काही वेगळं आहे. त्या गावांनी हा लेख तसाच्या तसा वापरू नये.

१. तारीख धरण्याआधी

आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. सबळ कारण नसताना सभा घेतली नाही तर सरपंचाच्या पदावर आणि सचिवाच्या, म्हणजे ग्रामसेवकाच्या, नोकरीवर बेतू शकतं. बहुतेक गावं २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर धरतात. तारखा वाईट नाहीत, पण आपल्या भागात त्या डोळे झाकून धरता येत नाहीत.

बीड, धारूर, केज, आष्टी, गेवराई या पट्ट्यात दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोयते, म्हणजे ऊसतोडीची मजूर जोडपी, बाहेर पडतात आणि गुढीपाडव्याच्या पुढे-मागे परततात. म्हणजे २६ जानेवारीच्या सभेला अर्धा तांडा, अर्धी वस्ती गावात नसतेच. मतदार यादीत मात्र ती सगळी नावं असतात. घरकुलाची यादी, वैयक्तिक लाभाच्या योजना, रोजगार हमीची कामं असे विषय त्या सभेत घेतले, की ज्यांच्यासाठी योजना तेच गैरहजर आणि एप्रिलमध्ये आल्यावर "मपलं नाव कुठंय?" म्हणून दारात उभे. असे विषय दिवाळीआधीच्या नाहीतर १ मेच्या सभेत घ्या.

१ मेची सभा सकाळी आठलाच लावा. अकराला पत्र्याच्या समाजमंदिरात माणूस बसत नाही. सोयाबीनची काढणी जोरात असताना दुपारची सभा लावली तर कोरमची आशा सोडा. तालुक्याच्या बाजाराचा दिवसही टाळा.

झेंडावंदनाला जोडून सभा घ्यायची असेल तर एक अनुभवाचा सल्ला: जिलेबी सभेनंतर वाटा. आधी वाटली की गाव पांगतं.

तपासा: कुठली निवडणूक जाहीर झाली आहे का? आचारसंहिता लागू असेल तर तहसील किंवा पंचायत समितीकडून लेखी विचारून घ्या, मगच नोटीस काढा.

२. विषयपत्रिका

सभेच्या पंधरा दिवस आधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहा: ग्रामसभेत विषय मांडायचा असेल त्यांनी अमुक तारखेपर्यंत लेखी अर्ज द्यावा. अर्जाला पोच द्या. या एका कागदाने सभेतली निम्मी आरडाओरड कमी होते, कारण "आमचा विषय घेतलाच नाही" म्हणणाऱ्याकडे पोच असते किंवा नसते.

विषय लिहिताना तो उघड लिहा. "पाणीपुरवठ्याबाबत चर्चा करणे" हा विषय नव्हे. "वॉर्ड क्र. २ मधील जुन्या विहिरीचा गाळ काढणे व कठडा बांधणे या कामास मान्यता देणे" हा विषय. नोटीस वाचणाऱ्याला आपण यावं की नाही, हे त्यातून कळलं पाहिजे.

आर्थिक वर्षाच्या पहिल्या सभेत काही विषय ठेवावेच लागतात: मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, लेखापरीक्षणाचे शेरे आणि त्यांना दिलेली उत्तरं, आणि चालू वर्षाची विकासाची कामं. लेखापरीक्षणाचा विषय गावोगाव गुपचूप गळतो. तो गळला की पुढे कोणीतरी तक्रारीत पहिला तोच मुद्दा घालतो.

सावध: "अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय" हा शेवटचा विषय म्हणजे काहीही कोंबायचं गोणपाट नव्हे. पैसा, जागा आणि लाभार्थी या तीन गोष्टी ऐनवेळी घेऊ नका. नोटिशीत नसलेला खर्चाचा विषय रात्री मंजूर केला तर सकाळी कोणीही त्यावर बोट ठेवू शकतो, आणि त्याचं बरोबर असतं.

आणखी एक विषय नेहमी चुकीचा येतो: गायरान वाटपाचा. गायरान शासनाच्या मालकीचं असतं. ग्रामपंचायतीकडे त्याची देखभाल असते. "अमुक कुटुंबांना गायरानातील प्लॉट देण्यात यावेत" असा ठराव ग्रामसभेने एकमताने केला तरी त्याने जागा कोणाच्या नावावर होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणांबाबत कडक निकाल दिला आणि त्यानंतर राज्यानेही त्याच वर्षी आदेश काढले. लोकांना खोटी आशा लागेल असा विषय पत्रिकेवर घेऊ नका. घेतलाच तर "शिफारस" असा स्पष्ट शब्द वापरा.

३. नोटीस आणि दवंडी

नेहमीच्या ग्रामसभेला सात दिवस आधी नोटीस लागते, विशेष सभेला चार दिवस. घोटाळा होतो तो मोजणीत. नोटीस लावल्याचा दिवस आणि सभेचा दिवस, दोन्ही सोडा आणि मधले दिवस मोजा. सभा २६ जानेवारीला असेल तर १९ ते २५ हे सात दिवस झाले. म्हणजे नोटीस १८ तारखेला लागलीच पाहिजे. विशेष सभा १० तारखेला असेल तर ५ तारखेला.

नोटीस एकाच जागी लावून चालत नाही. ग्रामपंचायत, शाळा, दलित वस्ती, तांडा, आणि वाडी वेगळी असेल तर तिथलं देऊळ किंवा दुकान. प्रत्येक ठिकाणी लावताना मोबाइलवर फोटो काढा, ज्यात नोटीस आणि मागची ओळखीची भिंत दोन्ही दिसतील. दवंडी द्या. दवंडी कोणी दिली, कुठल्या दिवशी आणि किती वाजता, हे त्याच्या सहीने एका कागदावर घ्या. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेली नोटीस ही सोय आहे. ती दवंडीच्या जागी धरू नका. ग्रुपमध्ये म्हातारी माणसं नसतात, आणि विरोधकांना बऱ्याचदा आधीच काढलेलं असतं.

तपासा: नोटिशीवर दिवस, वेळ, जागा, विषय, सरपंचाची सही आणि जावक क्रमांक आहे ना? जावक रजिस्टरमधली तारीख आणि नोटिशीवरची तारीख एकच आहे ना? ही शेवटची तपासणी दहापैकी नऊ गावं करत नाहीत.

४. महिला सभा

प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. कागदावर ती सगळीकडे होते. बऱ्याच ठिकाणी अंगणवाडीत हळदी-कुंकवासारखी उरकतात आणि रजिस्टरवर सह्या घेतात.

ती नीट घ्यायची असेल तर आदल्या दिवशी घ्या, तिथले ठराव वेगळ्या पानावर लिहा, आणि ते ग्रामसभेत वाचून दाखवण्याचं काम एका बाईलाच द्या. दारूच्या दुकानाचा विषय बहुतेक इथूनच येतो. तिथे एक गोष्ट सांगून ठेवा: नुसत्या ठरावाने परवानाधारक दुकान बंद होत नाही. त्यापुढे अर्जाची, पडताळणीची आणि "आडवी बाटली-उभी बाटली" मतदानाची वेगळी पायरी असते. ठराव ही सुरुवात आहे.

५. सभेचा दिवस: जागा, हजेरी, कोरम

मारुतीच्या पारावर सभा घेऊ नका. तिथे बाया पार चढत नाहीत, खाली कडेला डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहतात, आणि उभा माणूस अर्ध्या तासात घरी जातो. शाळेचं पटांगण किंवा समाजमंदिर बरं. सतरंजी, पिण्याचं पाणी, आणि लाइट जाईल हे गृहीत धरून बॅटरीवरचा माइक.

अध्यक्षस्थानी सरपंच, सरपंच नसतील तर उपसरपंच. सरपंच बाई असतील तर खुर्चीत त्याच बसतील. त्यांच्या यजमानांनी समोर सतरंजीवर बसावं आणि बोलायचं असेल तर इतर मतदारांसारखा हात वर करावा. हे सभेआधी घरी जाऊन सांगा, सभेत सांगायला गेलात तर पहिला अर्धा तास तिथेच जातो.

ग्रामसभेचे सदस्य म्हणजे ग्रामपंचायतीच्या मतदार यादीतले सगळे. यादीत नाव नसलेला माणूस ऐकायला बसू शकतो, मत देऊ शकत नाही. म्हणून यादीची प्रत दाराशी ठेवा आणि हजेरीत नावापुढे यादीतला अनुक्रमांक लिहा. अंगठा असेल तर शेजारी नाव आणि ते लिहिणाऱ्याची सही.

कोरम: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जे कमी असेल ते. ५६० मतदारांच्या गावात ८४ माणसं लागतात. १,२४० मतदारांच्या गावात १५ टक्के म्हणजे १८६ होतात, पण १०० पुरे. साधारण ६६७ च्या वर मतदार असले की आकडा १०० वरच थांबतो. मी अशी गावं पाहिली आहेत जिथे १८६ जमले नाहीत म्हणून सभा उगाच तहकूब केली.

आता हजेरीचं माझं स्वतःचं प्रकरण. जानेवारीतली सभा, माणसं ६३. कोरमला १०० हवे होते. आम्ही "उद्या घरोघर जाऊन सह्या घेऊ" म्हणून सभा चालवली आणि दुसऱ्या दिवशी ४१ सह्या गोळा केल्या. पाच महिन्यांनी एका तक्रारीवर सुनावणी लागली. समोरच्या साहेबांनी रजिस्टर हातात घेतलं, एक पान उलटलं, परत मागे उलटलं. पहिल्या ६३ सह्या निळ्या बॉलपेनच्या. पुढच्या ४१ काळ्या जेलपेनच्या, आणि त्या पानावर तारीखच नाही. मग त्यांनी एका नावावर नख ठेवलं. तो माणूस त्या दिवशी बायको-पोरांसह कर्नाटकात ऊसतोडीच्या कोपीवर (झोपडीवर) होता. मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेऊन ऑक्टोबरातच गेलेला. त्याच्या भावाने सही ठोकली होती, चांगल्या मनाने. त्या एका सहीपायी सभेतले अकराही ठराव गेले. त्यात शाळेच्या संडासाचाही होता, ज्याला कोणाचाच विरोध नव्हता.

सावध: हजेरी त्याच जागी, त्याच वेळी. सभा संपली की शेवटच्या सहीखाली रेघ मारा, "एकूण उपस्थिती इतकी, वेळ इतकी" असं लिहा आणि अध्यक्षांची सही घ्या.

६. कोरम झाला नाही तर

अर्धा-पाऊण तास थांबा. नाही झाला तर सभा तहकूब केल्याचं प्रोसिडिंगमध्ये लिहा, हजर माणसांचा आकडा टाका आणि पुढची तारीख तिथेच जाहीर करा. तहकूब सभेला कोरमची अट नाही. म्हणजे घरोघर सह्या मागत फिरायचं काही कारणच नाही. कायद्याने वाट दिलेली आहे.

पण त्या सभेत मूळ नोटिशीतलेच विषय चालतात, नवा एकही नाही. काही हुशार मंडळी मुद्दाम पहिली सभा कोरमअभावी पाडतात आणि तहकुबीत वीस माणसांत नवीन काम घुसवतात. असं काही दिसलं तर तिथेच लेखी हरकत द्या आणि पोच मागा.

७. कामकाजाचा क्रम

आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायचं. वाचायचं म्हणजे मोठ्याने, सगळं. "वाचून दाखवून कायम केले" असं न वाचताच लिहिणं ही सर्वात जुनी खोड आहे. इतिवृत्त कायम करताना प्रश्न एवढाच असतो: जे ठरलं तेच लिहिलं आहे का? ठराव चांगला होता की वाईट, यावर इथे चर्चा नाही. कोणी ती सुरू केली तर अध्यक्षांनी थांबवावं. ठराव बदलायचा असेल तर तो विषय पुढच्या नोटिशीत यायला हवा.

दुसरं अनुपालन. मागच्या प्रत्येक ठरावाचं काय झालं, एकेका ओळीत. इथे भाऊसाहेबांना घाम फुटतो. ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं ठरलं आहे, पण गावात ते भाऊसाहेबच. त्यांना आधी चार दिवस सांगून ठेवा की कागद घेऊन बसा.

तिसरा जमाखर्च. आकडे फळ्यावर लिहा. घरपट्टी किती आली, पाणीपट्टी किती थकली, वित्त आयोगाचा निधी कशावर गेला. फळ्यावरचा आकडा माणसं लक्षात ठेवतात.

मग विषय, पत्रिकेतल्या क्रमानेच. गर्दी ज्या विषयासाठी आलेली असते तो बहुतेक घरकुलाचा असतो. तो पहिला घेतला तर उरलेल्या विषयांना पंधरा माणसं राहतात. म्हणून पत्रिका करतानाच तो मधे किंवा शेवटाकडे ठेवा.

बोलण्याची शिस्त: एका वेळी एक, अध्यक्षांकडे तोंड करून, तीन मिनिटं. एखाद्या विषयावर एकदा बोललेल्याला सगळ्यांचं झाल्याशिवाय पुन्हा नाही. घड्याळ शाळेतल्या एखाद्या शिक्षकांच्या हातात द्या, ज्यांना गावातल्या दोन्ही पार्ट्या मानतात.

८. मतभेद झाला तर

कोणी मूळ ठरावात बदल सुचवला तर ती उपसूचना. आधी उपसूचनेवर हात वर, ती मंजूर झाली तर बदललेल्या ठरावावर, नाही तर मूळ ठरावावर. हा क्रम उलटा केला की लोकांना आपण कशाला हात वर केला तेच कळत नाही.

हात दोन माणसांनी, प्रत्येक बाजूच्या एकेकाने, वेगवेगळे मोजावेत. आकडे जुळले की मोठ्याने सांगा. मोठ्या विषयावर मतदानाआधी उपस्थितीही पुन्हा मोजा.

एकानेही विरोध केला असेल तर "सर्वानुमते" लिहायचं नाही. "बहुमताने" लिहा, बाजूने किती, विरोधात किती, तटस्थ किती ते लिहा, आणि विरोध करणाऱ्याने मागितलं तर त्याचं नाव व कारण नोंदवा. विरोध नोंदवला तर ठराव कमजोर होतो, असं बऱ्याच सरपंचांना वाटतं. होतं उलटंच. नोंदवलेल्या विरोधावर तक्रार टिकत नाही. दडवलेल्या विरोधावर टिकते.

सावध: ज्याला लाभ मिळणार आहे तो किंवा त्याचा सख्खा नातेवाईक सूचक-अनुमोदक नको. गोंधळ हाताबाहेर गेला तर सभा तहकूब करून तसं लिहा. "गोंधळात मंजूर" असा प्रकार कुठल्याच नियमात नाही.

९. ठराव लिहिणं

नेहमी दिसणारा ठराव असा:

"गावातील पाण्याच्या समस्येवर सविस्तर चर्चा झाली व योग्य ती कार्यवाही करण्याचे सर्वानुमते ठरले."

हा पंचायत समितीत गेला तर टेबलावरचा माणूस काय करणार? कार्यवाही कोणती, कोणी, कशातून, कधी? तो शेरा मारून परत पाठवतो, आणि आपण म्हणतो साहेब पैसे मागतात. मागणारे असतीलही, पण अशा ठरावाने त्यांना आयतं कारण मिळतं.

तोच ठराव असा लिहा:

"ठराव क्र. ४. विषय: वॉर्ड क्र. २ मधील जुन्या सार्वजनिक विहिरीचा गाळ काढणे व कठडा बांधणे. ठरले की, सदर कामास ही ग्रामसभा मान्यता देत आहे. कामाचे अंदाजपत्रक पंचायत समितीच्या शाखा अभियंत्याकडून ३१ मेपर्यंत घ्यावे. खर्च वित्त आयोगाच्या पाणी व स्वच्छतेसाठीच्या बंधित निधीतून करावा. ग्रामपंचायत अधिकारी यांनी पाठपुरावा करून पुढील ग्रामसभेत अहवाल ठेवावा. सूचक, अनुमोदक. बाजूने ९७, विरोधात ६, तटस्थ ४. ठराव बहुमताने मंजूर."

कोणतं काम, कुठे, कशातून, कोणी, कधीपर्यंत, किती मतांनी. एका ठरावात एकच विषय. विहीर, स्मशानभूमीचं शेड आणि शाळेची भिंत एका ठरावात बांधली, तर एकावर आक्षेप आला की तिन्ही अडकतात. लाभार्थ्यांची यादी असेल तर "सोबतच्या यादीप्रमाणे" एवढंच लिहून थांबू नका. नावं ठरावाच्या खालीच उतरवा, शेवटच्या नावानंतर "एकूण इतके" लिहा. सुट्या यादीत नाव वाढवायला एक रात्र पुरते.

ठराव सभेतच लिहून वाचून दाखवा. भाऊसाहेबांनी कच्च्या कागदावर टिपून घेऊन आठ दिवसांनी तालुक्याच्या खोलीवर पक्कं लिहिणं, ही पद्धत बंद करा. ग्रामपंचायत सदस्यांच्या मासिक सभेचं पुस्तक आणि ग्रामसभेचं पुस्तक वेगळं ठेवा. पंचांनी घेतलेला निर्णय ग्रामसभेच्या पुस्तकात घुसला की दोन्ही सभा संशयात येतात.

तपासा: पानांना छापील किंवा हाती घातलेले क्रमांक आहेत ना? खाडाखोडीवर सही आहे ना? शेवटच्या ओळीखाली उरलेल्या जागेवर तिरपी रेघ मारून मगच अध्यक्षांची सही. आधी सही आणि नंतर मजकूर, असं कितीही विश्वासाचं माणूस म्हणालं तरी नाही.

१०. सभा उठल्यावर

इतिवृत्ताची प्रत आठवड्याभरात पंचायत समितीला द्या आणि पोच घ्या. ठरावांची यादी फलकावर लावा. कोणाला प्रत हवी असेल तर साध्या अर्जावर द्या. दिली नाही तर तो माहितीच्या अधिकारात मागेल आणि ३० दिवसांत द्यावीच लागेल. नोटिशीचे फोटो, दवंडीचा कागद, महिला सभेचं पान आणि हजेरीची झेरॉक्स एका फाइलला लावा. फाइल ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवा, भाऊसाहेबांच्या मोटारसायकलच्या डिकीत नको. त्यांच्याकडे दोन-तीन गावं असतात आणि बदली झाली की डिकीसकट सगळं जातं.

तुम्ही ग्रामपंचायत सदस्य नसाल, साधे मतदार असाल आणि सभाच होत नसेल, तर आधी सरपंचाला लेखी द्या, पोच ठेवा, मग गटविकास अधिकाऱ्याकडे जा, आणि तिथे काही हललं नाही तर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे. अर्जात "सभा होत नाही" एवढंच लिहू नका. शेवटची सभा कुठल्या तारखेला झाली आणि त्यानंतर किती महिने गेले, ते लिहा. तारीख माहीत नसेल तर फलकावरची जुनी नोटीस शोधा. ती बहुतेक तिथेच, नव्या पत्रकाखाली चिकटलेली असते.